आरवाडे पुन्हा हात धुतात

शशिधर आरवाडे परीक्षेला भीत नसे. परीक्षक शेजारी उभा राहिला की मात्र त्याला स्वतःचं नावही आठवून सांगावं लागे. तासगावच्या शाळेत फळ्याजवळ बोलावलं की त्याची बोबडी वळायची. पुढे मिरजेला नर्सिंग शिकून, ब्रिटनमध्ये कार्डिफच्या हॉस्पिटलात वॉर्ड सांभाळूनही ती तशीच राहिली होती.

१९७१ साली त्याने डिस्ट्रिक्ट नर्सचा कोर्स घेतला. म्हणजे हॉस्पिटल सोडून घरोघरी जायचं, जखमा बांधायच्या, इंजेक्शनं द्यायची आणि डॉक्टर सोबत नसताना काय बिघडलंय ते आपलं आपण ओळखायचं. लेखी पेपर झकास गेला होता. उरली होती प्रत्यक्ष परीक्षा, तीही पेशंटच्या घरी, परीक्षिकेच्या डोळ्यांदेखत. पास झाला तर शहर कौन्सिलची नोकरी, नोकरीबरोबर दोन खोल्यांचं घर, आणि घर मिळालं तरच तासगावात अडकलेली बायको, सुमन, इकडे येणार. लग्नाला तीन वर्षं झाली होती. त्यातली सव्वादोन पत्रांतच गेली होती. त्यात या शहाण्याने ‘पास झाल्यातच जमा आहे, पासपोर्टचं बघ’ असं आधीच कळवून ठेवलं होतं.

“आणि नापास झालास तर काय कळवणारेस?” हॅनाबाईंनी विचारलं. त्या मूळच्या भायखळ्याच्या, बेने इस्राएल ज्यू. कार्डिफमध्ये दहा वर्षं हेच काम करत होत्या.

“परीक्षिकेची तब्येत बिघडली म्हणून कळवीन.”

“तुझीच बिघडेल आधी! ऐक, तुझ्या परीक्षिका मिस बीव्हन बोलत नाहीत, नुसत्या बघतात. ड्रेसिंगसाठी हात धुतलेस की मग कुठ्ठे लावायचे नाहीत. नाकाला खाज आली तर येऊ दे.”

“आणि रडू आलं तर?”

“तेही हात न लावता.”

परीक्षेचा पेशंट म्हणजे मिसेस प्रिचर्ड. बहात्तर वर्षांच्या, घरात एकट्या, आणि डाव्या घोट्याच्या वर आठ महिने न भरणारी जखम. शशिधरने कोट उलटा घडी करून खुर्चीवर ठेवला, शिकवल्याप्रमाणे बाईंच्या पायाखाली वर्तमानपत्र पसरलं आणि जुनी पट्टी सोडली.

“फुगलेल्या शिरांची जखम आहे,” तो मिस बीव्हनना म्हणाला. “पण घट्ट बांधण्याआधी पावलावरची नाडी बघायला हवी. रक्तच खाली पोचत नसेल तर घट्ट पट्टीने पाय जायचा.”

नाडी लागली. मग तो हात धुवायला मागच्या किचनमध्ये गेला. तिथे त्याला नळाखेरीज काहीच दिसलं नाही. बाकी सगळीकडे मिस बीव्हनच दिसत होत्या, आणि त्या तर पुढच्या खोलीत होत्या.

परत येऊन तो गुडघे टेकायला वाकला आणि त्याचा बूट वर्तमानपत्राच्या कडेवर पडला. छापील कागदाला पाय लागला की हात आधी कागदाला आणि मग कपाळाला जायचा, हे शशिधरने ठरवून कधीच केलं नव्हतं. लहानपणापासून ते आपोआप होई. आत्ताही झालं. स्वच्छ धुतलेला हात जमिनीवरच्या पेपरला लागून कपाळावर जाऊन पोचला.

“डोकं दुखतंय का रे, बाळा?” मिसेस प्रिचर्डनी विचारलं.

“नाही. माफ करा, मला पुन्हा हात धुवावे लागतील.”

मिस बीव्हनची पेन्सिल हलली. किचनकडे जाता जाता शशिधरने सुमनला मनातल्या मनात पत्र लिहायला घेतलं: ‘पासपोर्टची घाई नको.’ गेलीच परीक्षा म्हटल्यावर डोळे मात्र मोकळे झाले. सिंकखाली ऑरेंज स्क्वॉशच्या रिकाम्या बाटल्यांची रांग होती. चौदा तरी असतील.

“घरी पार्टी झाली का?” त्याने जखम साफ करता करता विचारलं.

“माझ्याकडे कोण यायला बसलंय? मीच पिते. तोंडाचा नुसता टीपकागद झालाय.”

“आणि लघवीला?”

“मोजणं सोडलंय आता.”

ड्रेसिंग संपवून त्याने बाईंकडून लघवीचा नमुना मागून घेतला आणि बॅगेतली परीक्षानळी काढली. पाच थेंब लघवी, दहा थेंब पाणी, वर तपासणीची एक गोळी. नळीत उकळी फुटली. निळं पाणी हिरवं झालं आणि शेवटी संत्र्याच्या सालीसारखं केशरी. साखर, आणि तीही भरपूर! आठ महिने जखम न भरण्याचं एक कारण तरी हाती लागलं होतं.

दाराबाहेर मिस बीव्हन पहिल्यांदा बोलल्या. “दुसऱ्यांदा किचनमध्ये मुद्दाम पाहणी करायला गेलात?”

इतकी आयती संधी शशिधरला आयुष्यात कुणी दिली नव्हती. नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं.

“नाही,” तो म्हणाला. “छापील कागदाला पाय लागला तर आम्ही नमस्कार करतो. त्यात हात खराब झाला, म्हणून गेलो. बाटल्या खरं तर पहिल्या खेपेलाच दिसायला हव्या होत्या.”

“ते मी लिहिलंच आहे. तोच हात जखमेला लावला असतात तर मी तिथेच थांबवलं असतं.” त्यांनी वही मिटली. “चुकणारे पुष्कळ बघते मी, मिस्टर आरवाडे. माझ्यासमोर परत जाऊन हात धुणारे थोडे. पास आहात. आता इथे उभे राहू नका, त्यांच्या डॉक्टरांना फोन करा. बाईंचं रक्त आजच तपासायला हवं.”

संध्याकाळी त्याने सुमनला लिहिलं, ‘पास झालो. पेशंटबाईंना मधुमेह असल्याचं मी एका नजरेत ओळखलं.’ वाचून पाहिलं. वाक्य फार शोभत होतं. मग लक्षात आलं, सुमनचा इथला पहिला चहा हॅनाबाईंकडेच होणार, आणि त्यांना तर त्याने दुपारीच सगळं सांगून टाकलं होतं. त्याने ‘एका’ खोडलं आणि वर बारीक अक्षरात ‘दुसऱ्या’ असं लिहिलं.