मोजलेल्यातली मूठ

अचलपूरच्या बसस्टँडवर आईनं माझ्या हातात पत्र्याचा एक डबा दिला. लग्नानंतर मी नवऱ्यासोबत रायपूरला निघाले होते. भांडी, गाद्या, देण्याघेण्याच्या साड्या सगळं आधीच बसच्या टपावर चढलं होतं, आणि आता हा डबा मांडीवर घेऊन बसायचं होतं. आत ज्वारी होती, तळाशी जेमतेम.

"रिकाम्या डब्यानं चूल मांडू नोको," आई म्हणाली. "अन् मूठ मोजलेल्यातून काढजो बाई, पोत्यातून नोको."

बस सुटली तेव्हा मी रडायला हवं होतं. पण खिडकीशी बसलेला माणूस सारखा डब्याकडे बघत होता, त्यामुळं मी लाजत बसले. आई दिसेनाशी झाली ते माझ्या ध्यानातच आलं नाही.

मूठ म्हणजे काय, हे आमच्या ख्रिस्ती मंडळीबाहेरच्यांना सांगावं लागेल. स्वयंपाकाला धान्य मोजून घेतलं की त्यातून एक मूठ परत काढून वेगळ्या डब्यात टाकायची. रविवारी तो डबा देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, रिकामा करायचा. तिथून ज्याच्या घरी नड असेल त्याच्याकडं धान्य जायचं, आणि कोणाचं कोणाकडं गेलं हे कोणी विचारायचं नाही. मूठ पोत्यातून काढली तर आपल्या ताटातलं काही जात नाही. मोजलेल्यातून काढली तर एखाद्याची भाकरी लहान होते, बहुतेक आईचीच. "उरलं तं देवाचं नाव घेता, अन् कमी पडलं तं?" असं ती आम्हाला विचारायची. कमी पडलं तर कृपा पुरते, हे उत्तर आम्हाला पाठ होतं. पाठ असलेल्या गोष्टीचा विचार माणूस करत नाही.

रायपूरला तात्यापाऱ्यात एका खोलीत आमचा संसार सुरू झाला. ज्वारीची भाकरी गेली, दोन्ही वेळा भात आला. उपासना हिंदीत. प्रार्थनेच्या शेवटी मी "आमेन" म्हणायची आणि बाकी सगळे "आमीन", आणि माझा आवाज नेहमी वेगळा ऐकू यायचा. पण बायका देवळात पिशव्या घेऊन यायच्या आणि मागच्या खोलीतल्या ड्रममध्ये तांदूळ ओतायच्या, ते पाहिलं आणि माझा जीव भांड्यात पडला. मूठ इथंही होती, फक्त तांदळाची होती. ड्रम सांभाळायची सुशीला दीदी, अभनपूरकडची, उंच आणि मोठ्या आवाजाची. माझ्या डब्यातली पहिली मूठ तिनंच ओतून घेतली.

मग मला शाळेत नोकरी लागली, फ्लॅट झाला, कुकर आला, आणि सकाळच्या घाईत मूठ राहू लागली. मी हुशार बाई. मी गोल बाजारातून महिन्याला तांदळाचं एक कट्टं, लहान पोतंच, थेट देवळात पोचतं करू लागले. मुठींपेक्षा ते कितीतरी जास्त होतं. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "ते दुकानातलं झालं बाई. तुह्या घरचं काय गेलं त्यात?" मला राग आला. दूर राहणाऱ्या लेकीनं काहीही केलं तरी आयांना ते कमीच वाटतं, असं मी नवऱ्याला म्हटलं.

गाव सोडून आलेल्या तुम्हा सगळ्यांना हे ठाऊक असेल. आपण परक्या गावात कोणाच्या दारात उभे राहिलो नाही, हीच आपली मिळकत वाटू लागते. झाकली मूठ सव्वा लाखाची. उपासनेनंतर सुशीला दीदी प्रत्येकीला काही हवं का ते छत्तीसगढीत विचारायची, "कुछु लागही का, दीदी?" कोणी पोराच्या तापाचं सांगे, कोणी धान्याचं. मी दर रविवारी एकच सांगत आले: सब बढ़िया.

बाबा गेले आणि आई अचलपूरला एकटी पडली. आता देवळातलं धान्य तिच्या दारात येऊ लागलं. मी पैसे पाठवत होते, तिला नड नव्हती. तरी ती ते घ्यायची, आणि मला फोनवर कौतुकानं सांगायची. "आज भाकर ठिपक्याची झाली वो. कोणाची ज्वारी पांढरी, कोणाची पिवळी." ती हसायची आणि इकडं माझे कान तापायचे. लेक रायपूरला शाळेत शिकवते आणि आई मंडळीची ज्वारी खाते, असं लोक म्हणत असतील. ती एकटी होती, गुडघे गेले होते, हेही खरंच. मी तिला घेऊन आले.

घराला कुलूप लावताना ती म्हणाली, "इथं मले देव रोज जेवू घालत होता. आता तू घालशीन." मला वाटलं, ती सुखावली आहे.

फ्लॅटमध्ये तिला काही कमी पडू दिलं नाही. पलंग खिडकीशी लावला, औषधं वेळेवर, बारीक तांदळाचा मऊ भात. माझी पोट्टी तिच्याशी हिंदीत बोलायची आणि आई तिला वऱ्हाडीत उत्तर द्यायची. दोघींचं बरं चाललं होतं. पण आई जेवणात मागं मागं सरकू लागली. अर्धा भात ताटात राहू लागला. डॉक्टरांना काही सापडलं नाही. एका संध्याकाळी प्रार्थनेला बसलो तर ती हात जोडून नुसतीच बसून राहिली.

"काहून वो आई? बरं नाही वाटत?"

"बरं आहे. तुह्या घरी सगळंच आहे बाई," ती म्हणाली. "मागू काय? मले आता काही सुचतच नाही."

मी हसले. म्हटलं, आभार मान. तिनं आभार मानले. त्या हिवाळ्यात ती गेली.

माती देऊन आलो त्या दिवशी घरात चूल पेटली नव्हती. सुशीला दीदी पिशवी घेऊन आली. शोकाच्या घरी मुठीचा तांदूळ न्यायचा ही इथलीही रीत. मी सवयीनं म्हणाले, आमच्याकडं आहे, कोणा गरजूला द्या. ती सरळ स्वयंपाकघरात गेली आणि तिनं भात टाकला.

तो भात नीट शिजला नाही. शिजणारच नव्हता. पिशवीत जाडा होता, बारीक होता, जुना होता, यंदाचा होता. काही शितं गाळ झाली, काही दाताखाली कचकच वाजली. पहिला घास घेतला आणि मला आईची ठिपक्याची भाकर आठवली, आणि मी ताटावरच रडू लागले. बसस्टँडवरचं राहिलेलं रडू असावं.

इतकं सोपं होतं. एखाद्या रविवारी मी दीदीला म्हटलं असतं, हो, लागतं, माझी आई जेवत नाही, तर असला कच्चापक्का भात आईच्या ताटात आला असता. ती तो संपवून ताट पुसून खाली ठेवती, कोणाचा जाडा आणि कोणाचा बारीक हे ओळखत बसती. मी तिला सगळं आणून दिलं. फक्त दुसऱ्याच्या हातून काही तिच्यापर्यंत पोचू दिलं नाही. कृपा पुरते हे मला पाठ होतं, आणि ती पुरायला जागाच ठेवली नव्हती मी.

अचलपूरचं घर अजून आहे. कुलूप गंजलं असेल. माझं घर कोणतं असं कोणी विचारलं की पूर्वी मी तेच सांगायची. आता जरा थांबते.

आईचा डबा ओट्यावर आहे. कुकर लावण्याआधी मोजलेल्यातून मूठ काढते, भात थोडा कमी होतो. गेल्या रविवारी सुशीला दीदीनं विचारलं, "कुछु लागही का, दीदी?" घरात तांदळाचं कट्टं भरलेलं होतं.

"हव," मी म्हणाले. "लागही."

तिनं कारण विचारलं नाही. ड्रममधून पिशवी भरून दिली. घरी येऊन भात लावला, तो कच्चापक्काच झाला. जेवणाआधी मी मराठीत प्रार्थना केली, आईची होती ती. शेवटी लेक "आमीन" म्हणाली, आणि मी "आमेन".