पलीकडच्या काठाचा व्याही

पश्चिमेचा कोरडा वारा पहाटेपासून सुटला होता. एप्रिलात हा वारा सुटला की सकाळी भिजवलेला वाफा दुपारपर्यंत भेगाळतो. म्हणून रेमिजी अलापोंत उजाडायच्या आतच कांद्यात उतरला. पाटाची फळी उचलली, पाणी पहिल्या सरीत घेतलं आणि फावड्याच्या दांड्यावर हनुवटी टेकून ते पुढं सरकताना बघत उभा राहिला.

एकसष्ट वर्षांचा, पाठीत किंचित वाकलेला गडी. एरवी तो कांदे आणि आटिचोकाची भाजीची बोंडं पिकवायचा. गुरुवारी दुपारी बारा ते एक न्यायाधीश असायचा. आज गुरुवार होता.

बेनिमोरेलच्या खोऱ्यात पाण्याची भांडणं शेतकरीच तोडतात. नदीच्या दोन्ही काठांना दोन-दोन पाट. प्रत्येक पाटाच्या शेतकऱ्यांनी आपल्यातलाच, स्वतःच्या हातानं जमीन कसणारा एक माणूस चार वर्षांसाठी निवडायचा. वकील नाही, कागद नाही. चर्चच्या दारात चार खुर्च्या, अंगात काळे सदरे, आणि निकाल जागच्या जागी. एक रीत मात्र दगडासारखी पक्की: उजव्या काठाचं भांडण डाव्या काठाच्या दोघांनी तोडायचं आणि डाव्याचं उजव्यानं. नदीपलीकडच्या माणसाला कुणाचं सोयरसुतक नसतं, अशी त्यामागची समजूत. ही रीत पडली तेव्हा नदीवर पूल नव्हता.

त्याच पुलावरून तीन वर्षांमागं रेमिजीची लेक नेउस लग्न होऊन उजव्या काठाला नांदायला गेली होती. आणि त्याच पुलावरून आत्ता तिचा सासरा ब्लाय मोनराबाल फटफटी घेऊन बांधावर आला.

"पावणं, कांदा ब्येस धरलाय की."

"पाणी हाय तवर बरा."

ब्लायनं ओल्या बाकल्याच्या शेंगांची जुडी बांधावर ठेवली. "आज माझं नाव पुकारत्याल."

"ऐकलं."

"रोझेता म्हातारी येडी हाय. माझी फळी चुकून उघडी ऱ्हायली. दोन तासांत तिच्या आटिचोकाला काय सोनं लागणार हुतं?"

"दोन तास, का तिची पाण्याची अख्खी पाळी?"

ब्लायनं कान खाजवला. "आवं, तुमीच मोजाय बसला तर कसं व्हायचं?" फटफटी वळवता वळवता तो म्हणाला, "रविवारी निवड हाय न्हवं तुमची? माझ्या बायकोचं भाऊ, चुलतभाऊ, सगळं तुमच्याच पाटावर. अकरा मतं. मी काय म्हणत न्हाय, निस्तं मोजतोय."

गेल्या खेपेला रेमिजी सात मतांनी आला होता. त्याच्या बापानं तीनदा प्रयत्न करूनही त्याला ती खुर्ची मिळाली नव्हती. रेमिजीला ती आणखी चार वर्षं हवी होती. हे तो कुणाला बोलला नव्हता. पण दर बुधवारी काळ्या सदऱ्याला इस्त्री तो स्वतः करायचा, बायकोला हात लावू द्यायचा नाही.

घरी आल्यावर एंपारनं, त्याच्या बायकोनं, सरळ सांगितलं, "गुमान बसा खुर्चीत. रीतच हाय तशी. पलीकडचा त्यो परका."

"परका? आपली पोर त्याच्या घरात हाय."

"म्हणूनच म्हणती, बसा."

बाराचे टोल पडले. शिपायानं पितळी आकड्याची काठी जमिनीवर आपटून उजव्या काठाच्या पाटाचं नाव पुकारलं. रोझेता मोकोली पुढं आली, सत्तरी उलटलेली, पायात घरातल्या सपाता. तिच्यामागं ब्लाय. अध्यक्ष बर्तोमेउनं रीतीप्रमाणं बोटानं नव्हे, बुटाच्या टोकानं खूण केली की बोल. आणि तेवढ्यात रेमिजी उठला.

"कुठं निघालास?" बर्तोमेउ म्हणाला.

"ह्यो माझा व्याही हाय."

"मग? तू तर दुसऱ्या काठाचा."

"काठ दुसरा असंल. पोर माझीच नांदती तिकडं."

लोक हसले. डाव्या काठाचा दुसरा न्यायाधीश, म्हातारा सालेस कामारासा, खेकसला, "असं उठाय लागलो तर निस्त्या खुर्च्या ऱ्हातील. माझी मेव्हणी तिकडं, ह्याची आत्या इकडं. आता काय न्याय द्यायला परदेशातनं माणूस आणायचा?"

"माझ्यापुरतं सांगतोय," रेमिजी म्हणाला आणि बाजूच्या खांबाला जाऊन टेकला. ब्लायची मान ताठ झाली. पण बोलली रोझेता.

"तुझा व्याही हाय हे मला ठावं न्हवतं व्हय रं? म्हणलं, बघू तरी, माझ्या डोळ्यात बघून काय सांगतोस. तर तू हात धुऊन मोकळा! देवाला क्रुसावर धाडून हात धुणारा आणखी एक न्यायाधीश हुता. त्याची गोष्ट आमचा पाद्री दरसाल सांगतो."

"मावशी, मला बोलता येत न्हाय आता."

"तेच म्हणती मी."

बर्तोमेउचा बूट हलला. रोझेता गप्प झाली.

एकट्यानं निकाल दिल्याचं कुणाला आठवत नव्हतं. पण सालेसनं दिला. शेजाऱ्यांची साक्ष ऐकली, ब्लायला दोन प्रश्न विचारले आणि संपवलं: ब्लाय दोषी, पुरता दंड, आणि त्याची पुढची पाळी रोझेताला. सालेस हेच म्हणेल हे रेमिजीला उठतानाच माहीत होतं. बसला असता तर त्यालाही हेच म्हणावं लागलं असतं, आणि ते आपल्या तोंडून. ब्लाय त्याच्याकडं न बघता पुलाकडं गेला. रोझेतानंही बघितलं नाही.

रविवारी पाटाच्या कचेरीत चिठ्ठ्या पडल्या. ब्लायची अकरा मतं बाजू बदलती, तर गेल्या खेपेला सातानं आलेला रेमिजी पंधरानं पडला असता. तो नवानं पडला. जिंकलेला सेंतो बार्बेरा त्याला बाहेर गाठून म्हणाला, "रेमिजीभाऊ, एक इचारू? माझ्या बायकोची मावशी तिकडं असती. तिचं काय आलं तर मी उठायचं का बसायचं?"

"तुझं तू बघ."

"न्हाय, पण कुठंतरी लिहून ठिवाय पायजे हे."

"आपल्यात लिहीत न्हाईत."

घरी एंपारनं ताट वाढलं. दर रविवारी नेउस यायची. आज आली नव्हती. "म्हणजे तीन मतं नवी आली तुमाला," एंपार म्हणाली. "कोण असतील?"

"काय की."

"माझ्या भावानं दिलं नसणार, त्याला मी वळखती." ती जराशी थांबली. "सांगितलं हुतं, बसा."

रेमिजीनं भात संपवला, भाकरीच्या तुकड्यानं ताट पुसून घेतलं. वारा पडला होता. आटिचोकाच्या पलीकडं पाटाचा जो तुकडा त्याच्या वाट्याला होता, त्यात लव्हाळं माजलं होतं, आणि आपला तुकडा ज्यानं त्यानं साफ ठेवायचा असतो. त्यानं विजार गुडघ्यापर्यंत दुमडली, विळा घेतला आणि पाण्यात उतरला.