वेरूळचा घाट आणि तुटलेला शाफ्ट

भुताखेताच्या गप्पा सुरू झाल्या की मी उठून जाणाऱ्यांपैकी. आजोबांची भिक्षुकी होती, पण आमच्या घरात कुणाच्या कपाळाला कधी अंगारा लागला नाही. आणि माझा धंदा गिअरबॉक्स उघडण्याचा. तिथं जे बिघडतं त्याला कारण असतंच... सापडेपर्यंत शोधायचं, एवढंच. म्हणून हे लिहायला मला सहा वर्षं लागली.

औरंगाबादला उस्मानपुऱ्यात आमचं छोटं वर्कशॉप आहे. माझं आणि सलीमभाईंचं. सलीमभाई माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे, हाताला लोखंडाची भाषा कळणारा माणूस. शहरात ऑटोमॅटिक गाड्यांचे गिअरबॉक्स पूर्ण खोलून पुन्हा बांधणारे तेव्हा आम्ही दोघंच असू.

एका सकाळी टोचन करून एक पिकअप आली. डबल केबिन, ऑटोमॅटिक, साडेतीन लाख किलोमीटर पळालेली. मालक रावसाहेब, वेरूळच्या पलीकडचे शेतकरी, पन्नाशीचे, काखेत कुबडी. डावा पाय मांडीपासून नाही. आठ वर्षांपूर्वी मळणी यंत्रात गेला. त्याआधी ते काळी-पिवळी जीप चालवायचे, वेरूळ ते औरंगाबाद, दिवसाला चार फेऱ्या. पाय गेल्यावर क्लच कोण दाबणार? म्हणून ही ऑटोमॅटिक घेतलेली. हिला दोनच पेडल, एका पायाचं काम.

"काल दुपारी बायकोला घोणस चावली," ते म्हणाले. "घरचे समदे लग्नाला गेलेले. मागच्या सीटवर टाकलं अन् निघालो. दवाखान्याच्या दारात गाडी जी थांबली, ती थांबलीच."

"वहिनी कशा आहेत?"

"हिरड्यातून रक्त यायलं होतं. डाक्टर म्हणले, अजून अर्धा तास उशीर झाला असता तर..."

आम्ही गाडी सुरू करून पाहिली. इंजिन उत्तम. पुढं जायच्या गिअरात, D मध्ये टाकली... काही नाही. ॲक्सिलरेटर दाबला, नुसता आवाज. गाडी इंचभर हलेना.

दुसऱ्या दिवशी गिअरबॉक्स उतरवला. ऑइल काळंकुट्ट, आतल्या आपोआप चालणाऱ्या क्लच प्लेटा जळून कोरड्या. एवढ्या पळालेल्या गाडीत हे व्हायचंच. पण सलीमभाईंनी इंजिनाकडून ताकद आत आणणारा मुख्य शाफ्ट बाहेर काढला आणि ते बघतच राहिले. शाफ्टचे दोन तुकडे झालेले.

"तुटला तर तुटला," मी म्हणालो. "दवाखान्यापाशी तुटला असेल."

"हात लगाके देखो, मोहनभाई."

लोखंड ताजं तुटलं की साखरेसारखं दाणेदार दिसतं, बोटाला टोचतं. इथं दोन्ही तोंडं आरशासारखी गुळगुळीत झालेली. म्हणजे तुटल्यावर ती बराच वेळ एकमेकांवर घासत फिरली होती. गिअरबॉक्सच्या तळाला त्याचा चुरा बसलेला, करड्या पिठासारखा.

"अर्धा तडकलेला असेल, शेवटी तुटला असेल," मी पुन्हा म्हणालो.

"आधा टूटता तो आधाच घिसता ना? ये पूरा घिसा है." सलीमभाईंनी तुकडे फडक्यावर ठेवले. "टूटने के बाद भौत देर इंजन घुमा. पन गाडी दवाखाने तक आई कैसे?"

शाफ्ट तुटला की इंजिन आणि चाकं यांचा संबंध संपतो. उतार असेल तर गाडी घरंगळेल, पण सपाट रस्त्यावरून येणार नाही. मी स्वतः दवाखान्यात जाऊन वॉचमनला विचारलं. तो म्हणाला, "चालवत आणली की त्यांनी. रस्त्यावरून वळून आत घेतली, माझ्यासमोर."

संध्याकाळी रावसाहेब आले तेव्हा त्यांना तुकडे दाखवले. त्यांनी एक हातात घेतला, त्या गुळगुळीत तोंडावरून अंगठा फिरवला. चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. तेच मला खटकलं.

"मिस्तरी, हसणार नाय ना?"

"नाही."

"वेरूळची लेणी मागं टाकली अन् घाट लागला. तिथंच खाडकन् वाजलं. इंजिन बोंबलायलं, गाडी मागं सरकायली. मागं ही कण्हत होती. रस्त्यावर चिटपाखरू नाय. मी देवाचं नाव बी घेतलं नाय, मिस्तरी... सुचलंच नाय. अन् मग मी क्लच दाबला."

"कुठला क्लच?"

"तेच तर. डाव्या पायानं दाबला. तळव्याला पेडल लागलं, स्प्रिंगचा जोर लागला. पैला गिअर टाकला, सोडला... गाडी चढाला लागली. मग दुसरा, मग तिसरा. खुलताबाद, दौलताबाद, छावणी. खाली बघायची हिंमत नाय झाली. बघितलं असतं तर..."

"वहिनींना सांगितलंत?"

"कुणालाच नाय."

कापलेला पाय जाणवत राहतो, हे मला माहीत होतं. एका ओळखीच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं – मेंदूचा खेळ, घाबरला की जास्त. ठीक आहे. पाय जाणवला, मान्य. पण चढावर गाडी कुणी ओढली? मेंदूनं?

पुण्याहून शाफ्ट आणि सील आले. प्रत्येक प्लेट नवी घालून आम्ही गिअरबॉक्स बांधला. मुद्दाम वेरूळच्या घाटात ट्रायल घेतली. गाडी लोण्यासारखी चढली. बाकी काही नाही.

गाडी न्यायला दोघं आले. सुमनवहिनी अशक्त, पण चालत आल्या. सलीमभाईंनी स्टूल पुढं केलं, चहा मागवला. वहिनी गाडीवरून हात फिरवत म्हणाल्या, "आता हिचे झटके गेले का हो? त्या दिवशी लई झटके मारत आणली यांनी. जुन्या जीपवानी. गिअर टाकला की माझं डोस्कं दाराला आपटायचं. शुद्ध जायली तरी मी म्हणत होते, क्लच हळू सोडा की..."

आणि थांबल्या. आतल्या दोन पेडलांकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं.

सलीमभाईंनी खिशातली टोपी काढून डोक्यावर घातली.

निघताना रावसाहेबांनी मला बाजूला घेतलं. "आठ वरीस झाले, तो पाय रोज दुखायचा. नसलेला अंगठा ठणकायचा, रातभर झोप नाय. त्या दिवसापासून एकदा बी दुखला नाय."

"चांगलंच झालं की."

"व्हय." त्यांनी मोकळ्या पँटची घडी नीट केली. "पण दुखायचा तवर वाटायचं, हाय कुठंतरी. आता खरंच गेला."

सलीमभाई गेले त्याला दोन वर्षं झाली. वाचणाऱ्यांत कुणी जाणकार असेल तर याचं कारण सांगावं, मी ऐकून घेईन. पण ते दोन तुकडे मी स्वतः हातात धरलेत... एवढं लक्षात ठेवून सांगावं.