खात्रीबाईंचं 'नाही'

आमच्या रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत त्यांना सगळे खात्रीबाई म्हणत. रक्त मी काढायचो, बाई ते यंत्रात लावायच्या. सुई टोचायचं काम माझं, पण टोचून बोलायचं खातं बाईंकडे होतं. कुलूप लावलं तरी पुन्हा पुन्हा ओढून बघायच्या. घरी निघाल्या की फ्रीजचं दार नीट लागलंय ना, हे बघायला जिन्यावरून परत यायच्या. अशा बाईने 'हो' म्हणेपर्यंत नवऱ्याने किती परीक्षा दिल्या असतील, देव जाणे!

गर्भ राहिला की वार तयार होऊ लागते आणि तिच्यातलं एक प्रथिन आईच्या रक्तात उतरतं. पोट दिसायच्या कितीतरी आधी आमचं यंत्र ते पकडतं. या तपासणीचं नवं किट उघडलं की बाई आधी ते तपासायला नक्की 'नाही' येणारं रक्त लावून बघायच्या, आणि ते रक्त स्वतःचं असायचं. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मुलासाठी उपचार करून दमल्या होत्या, चाळिशीही उलटली होती. "काका, माझ्याइतकं खात्रीचं 'नाही' शोधून सापडायचं नाही," असं हसून म्हणायच्या. मला त्या हसण्याचा राग यायचा.

एके दिवशी नव्या किटने 'आहे' सांगितलं.

बाईंचा पारा चढला. "किट उन्हात ठेवलं होतंत का हो?" म्हणत त्यांनी कंपनीच्या माणसाला फोनवर असं फैलावर घेतलं, की त्याला न केलेला गुन्हा कबूल करावासा वाटला असेल. दुसरं किट उघडलं. तेही 'आहे'. यंत्र धुऊन काढलं, तरी तेच. शेवटी मी बाही वर केली.

"बाई, माझं लावा. या पांढऱ्या मिशांना दिवस गेलेत म्हणालं, तर किट नक्की बिघडलंय."

माझं 'नाही' आलं.

बाई स्टुलावर बसल्या. "काका, इतकी वर्षं 'नाही' बघताना कधी घाबरले नाही. आता भीती वाटतेय."

"कशाची?"

"परवाची."

परवा पुन्हा रक्त बघायचं होतं. गर्भ नीट रुजत असेल तर त्या प्रथिनाचा आकडा दुपटीच्या आसपास जातो, नाहीतर घसरतो. तोवर बाईंनी नवऱ्यालाही काही सांगितलं नाही. मला तर एकदाही टोमणा मारला नाही, तेव्हा प्रकरण किती गंभीर आहे ते मला कळलं.

तिसऱ्या दिवशी आकडा दुपटीच्याही वर गेला. बाईंनी नवऱ्याला फोन लावला.

"अहो, आहे."

"काय आहे?"

"आहे हो, आहे!" म्हणता म्हणता त्या ओक्साबोक्शी रडू लागल्या. नीट सांगावं म्हणून मी फोन हातात घेतला, तर मलाही रडू फुटलं. पलीकडे तो बिचारा एकटाच "हॅलो, हॅलो" करत राहिला.