सिल्लोडच्या गोदामात कोंडलेली शिक्षिका

आमच्या चर्चच्या, म्हणजे मंडळीच्या, स्मरणिकेसाठी माझ्याकडे भगिनी मंडळाच्या आठवणींची दोन पानं मागितली होती. मी सात दिली. आमचे पाळकसाहेब तरुण आहेत, भले आहेत. त्यांनी ती वाचली आणि त्याच संध्याकाळी घरी आले. चपला काढता काढताच म्हणाले, "काका, हे कसं छापायचं?"

"शाईनं," मी म्हणालो.

ते हसले नाहीत. "लोक गोड आठवणी लिहितात हो. तुम्ही तर जुन्या कमिटीची अब्रू काढलीत."

"त्या कमिटीतला आता मी एकटाच उरलोय. म्हणजे अब्रू माझीच. जाऊ द्या."

"थोडं कमी करून द्या," म्हणाले, आणि चहा न घेता गेले. मी विचार करतो असं मी म्हणालो होतो. केला. कमी काही होणार नाही.

आधी एक गोष्ट स्वच्छ सांगतो. मला ख्रिस्ती प्रेमकथा आवडतात. इंग्रजीतल्या, जाड, वर उठावाची सोनेरी अक्षरं असलेल्या. मुखपृष्ठावर कुंपणाला टेकून पाठमोरी उभी असलेली बाई. पहिल्या प्रकरणात कोणीतरी नाहीसं होतं. दुसऱ्यात एक माणूस येतो, त्याची देवावरची श्रद्धा उडालेली असते. मग कोणीतरी कोणाच्या मागावर असतं, रात्री दाराची कडी वाजते, आणि चुंबन यायला दोनशे पानं लागतात. शेवटी हरवलेलं सापडतं, तो माणूस गुडघे टेकतो, लग्न लागतं. शेवट आधीच कळतो म्हणून लोक नाकं मुरडतात. कळला तर कळला. आपली उपासनासुद्धा दर रविवारी आशीर्वादानंच संपते, तरी आपण शेवटपर्यंत बसतोच ना?

मी वाळूजला एका कारखान्यात स्टोअर्समध्ये होतो. सकाळची कंपनीची बस क्रांती चौकातून सुटायची. त्या बसमध्ये मी ही पुस्तकं वाचायचो, जुन्या कॅलेंडरच्या पानाचं कव्हर घालून. शेजारचा फिटर एकदा म्हणाला, "काय वाचतो रे भाऊ रोज?"

"कंप्रेसरचं मॅन्युअल."

"लई जबरदस्त कंप्रेसर दिसतोय. डोळ्यांतून पाणी काढलं त्यानं तुझ्या."

घरी हे फक्त बायकोला ठाऊक होतं. तिला एकदा डब्याच्या पिशवीत पुस्तक सापडलं. तिनं ते चाळलं, परत ठेवलं आणि भाकरी थापता थापता विचारलं, "पडले का प्रेमात?"

"अजून नाही. तो आधी गोळी लागून पडलाय."

बाहेर मात्र मी मंडळीचा सेक्रेटरी होतो. सेक्रेटरीनं शास्त्र वाचावं, हिशेब तपासावेत, अंत्यविधीला खांदा द्यावा. त्यानं कादंबरीतल्या नर्सच्या लग्नाची काळजी करावी, हे शोभणारं नव्हतं. निदान मला तसं वाटायचं.

ही पुस्तकं यायची आमच्याच मंडळीच्या कपाटातून. कपाट सांभाळायच्या सिस्टरबाई. त्या मिशनच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या परिचारिका, विधवा, मूलबाळ नाही. परदेशी गेलेल्या कुणा कुणाच्या घरून पुस्तकांचे खोके यायचे, ते त्या लावून ठेवायच्या. आणि दर शुक्रवारी चार वाजता भगिनी मंडळाला एक प्रकरण वाचून दाखवायच्या. पुस्तक इंग्रजी, पण बाईंच्या तोंडून थेट मराठी बाहेर पडायचं. तेही साधं भाषांतर नव्हे. बाई सगळं उचलून इकडे आणायच्या. बर्फाची गारपीट व्हायची. घोड्याची मोटारसायकल. शेरीफचा फौजदार. नायिका त्या माणसाला सफरचंदाचा केक करून घालायची, तिथं बाई थालीपीठ घालायच्या, वर लोण्याचा गोळा. माणसांना आमच्यातलीच नावं. नायिकेला दिलेलं नाव मी इथं लिहीत नाही, कारण त्या नावाच्या तिघी आजही मंडळीत आहेत.

कपाटाची दुसरी किल्ली सेक्रेटरीकडे असायची. बाईंचं शुक्रवारचं वाचन झालं की शनिवारी मी तेच पुस्तक काढून न्यायचो आणि गुरुवारी परत ठेवायचो. बायका आठवड्याला एक प्रकरण ऐकायच्या, मी पुढची तीन-चार वाचून मोकळा व्हायचो. मग बायको घरी येऊन रंगवून सांगायची आणि मी पेपर धरून, मला पुढचं काही ठाऊकच नाही, असा बसायचो.

त्या वेळी जी कादंबरी चालली होती तिच्यात एक शिक्षिका होती. तिनं गावातल्या बड्या माणसाचं एक पाप पाहिलं होतं, म्हणून त्यानं तिला धान्याच्या कोठारात कोंडलं. बाईंनी कोठाराचं केलं जिनिंगचं कापूसगोदाम, आणि गाव केलं सिल्लोड.

त्या शुक्रवारी एक आजी उशिरा आल्या. कानानं अधू, पण प्रार्थनेला पहिल्या. त्यांनी मधूनच ऐकलं. सिल्लोडची मास्तरीण, गोदाम, तीन दिवस पाणी नाही, फौजदार विकला गेलेला. आजींनी मान हलवली, डोळे पुसले आणि जाताना दाराजवळच्या डब्यात चिठ्ठी टाकली.

आमच्याकडे रीत अशी. ज्याला कुणासाठी प्रार्थना हवी असेल त्यानं बिस्किटांच्या त्या पत्र्याच्या डब्यात चिठ्ठी टाकायची. शनिवारी सेक्रेटरीनं यादी करायची आणि रविवारी पुढं उभं राहून वाचायची. प्रत्येक विनंतीनंतर मंडळी म्हणते, "प्रभो, ऐक." एकदा एका सेक्रेटरीनं भावकीच्या रागातून कुणाची तरी चिठ्ठी गाळली होती. त्यावरून इतकं भांडण झालं की कमिटीनं नियमच केला, एकही चिठ्ठी गाळायची नाही.

शनिवारी मी डबा उघडला. चौथी चिठ्ठी आजींच्या अक्षरात होती. "सिल्लोडची मास्तरीण गोदामात कोंडली. तीन दिस पाणी नाय. फौजदार फितूर. प्रार्थना करा."

मी ओळखली. ओळखणारच. तेच पुस्तक माझ्या पिशवीत होतं आणि मी एकोणिसाव्या प्रकरणापर्यंत आलो होतो. कोठाराच्या फटीतून धूर यायला लागला होता. आजींच्या घरी जाऊन सांगता आलं असतं. पण मग त्यांनी विचारलं असतं, तुम्हाला कसं ठाऊक? आणि नियम होताच. मी यादीत चौथ्या ओळीवर तिला लिहिलं.

रविवारी वाचलं. पुरुषांच्या बाजूनं असा खणखणीत "प्रभो, ऐक" आला की खिडकीतली कबुतरं उडाली. बायकांच्या बाजूला निम्म्या जणींनी पदर तोंडाला लावला. तिसऱ्या बाकावर माझी बायको खांदे गदगदा हलवत होती. पण प्रार्थनेत उठून बोलायचं कसं? त्या वेळचे पाळकसाहेब कळवळून गेले होते. त्यांनी त्या मुलीसाठी पाच मिनिटं प्रार्थना केली. तिला पाणी मिळो, दार उघडो, फौजदाराचं मन वळो.

उपासना सुटल्यावर पायऱ्यांवर एक निवृत्त मुख्याध्यापक पुढं आले. "कुठल्या शाळेची मुलगी? माझी निम्मी नोकरी सिल्लोडात गेली. ठाण्यात ओळख आहे, आत्ता फोन लावतो."

त्यांनी फोन काढलासुद्धा. तेव्हा सिस्टरबाई म्हणाल्या, "लावू नका सर. ती पुस्तकातली आहे."

मग हशा फुटला तो थांबेचना. आजी तेवढ्या हसल्या नाहीत. "म्हंजी ती नायच का? आन् मी दोन दिस उपास धरला तिच्यापायी."

बाईंनी त्यांचा हात धरला. "असू द्या आजी. उपास वाया जात नाही."

पाळकसाहेबांना मात्र हसू आलं नाही. त्याच संध्याकाळी कमिटी बसली. आम्ही सात पुरुष खुर्च्यांवर, बाई उभ्या. बसा, असं त्यांना कुणी म्हणालं नाही, मीही नाही. देवाच्या घरात खोट्या मुलीसाठी प्रार्थना झाली, मंडळीचं हसं झालं, असल्या प्रेमाच्या पुस्तकांनी बायकांची डोकी बिघडतात, असं पुष्कळ झालं. बाई एवढंच म्हणाल्या, "गोष्ट आहे हे मी दर शुक्रवारी सांगते. आजी उशिरा आल्या, त्यांना ते ऐकू आलं नाही."

मग पाळकसाहेब माझ्याकडे वळले. "सेक्रेटरी, तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

मी म्हणालो, "नाही साहेब. चिठ्ठी आली, नियमानं वाचली. असल्या पुस्तकांत काय असतं ते मला काय माहीत?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी वहीत पाहिलं.

ठराव मीच लिहिला. माझ्या हातचं वाक्य असं आहे: "भगिनी मंडळातील अयोग्य वाचनामुळे सेक्रेटरी यांची व मंडळीची दिशाभूल झाली, सबब कपाट बंद करण्यात येऊन किल्ली काढून घेण्यात यावी." वही आजही ऑफिसात आहे. ज्याला पाहायची त्यानं पाहावी. त्यातला "दिशाभूल" हा शब्द खोटा आहे. माझी कुणी दिशाभूल केली नव्हती.

पुस्तकं पोत्यांत भरून रद्दीत गेली. शुक्रवार बंद झाले. बाई काही महिने मागच्या बाकावर बसल्या, मग येईनाशा झाल्या. जालना रोडकडे भाचीच्या घरी राहायला गेल्या असं कळलं. मंडळीत आजही नवीन सुना विचारतात, "त्या कोण हो, खोटी प्रार्थना करायला लावणाऱ्या बाई?" माझ्या एका वाक्यानं त्यांचं एवढंच नाव मागं ठेवलं.

त्या संध्याकाळी घरी येऊन मी कमिटीत काय झालं ते सांगितलं आणि चहा मागितला. बायको कप ठेवत म्हणाली, "प्रभूला नाकारणाऱ्या त्या शिष्याला कोंबडा आरवल्यावर रडू तरी आलं होतं. तुम्हाला चहा सुचला." त्यानंतर तिनं मला कुठल्याही पुस्तकाबद्दल कधी विचारलं नाही. ती गेली तेव्हाही आमच्यात तो विषय तसाच होता.

आता जे तिलाही सांगितलं नव्हतं ते. मी ती चौथी चिठ्ठी भीतीपोटी वाचली, हे निम्मं खरं आहे. उरलेलं निम्मं असं की मला ती वाचायचीच होती. कोठारात धूर भरत होता, पुस्तक मिटून ठेवलं होतं, आणि माझा जीव त्या मुलीत अडकला होता. सगळी मंडळी तिच्यासाठी "प्रभो, ऐक" म्हणाली तेव्हा मला बरं वाटलं. हसायचं तर हसा. जी मुलगी जन्मलीच नाही तिच्यासाठी शंभर माणसांनी डोळे मिटले, यात देवाचा कुठला अपमान झाला? त्या दिवशी सकाळी आमच्या मंडळीत खोटं काही झालं नाही. खोटं झालं ते संध्याकाळी, आणि ते एका कादंबरी वाचणाऱ्यानं केलं, कादंबरीनं नाही.

पाळकसाहेब येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मी सातही पानं घेऊन बाईंकडे गेलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. त्यांना आता दिसत नाही जवळजवळ. आवाज ओळखून म्हणाल्या, "सलाम सेक्रेटरी. कुणी गेलं का?"

"कुणी नाही. वाचून दाखवायचंय."

"आता तुम्ही वाचणार? वाचा."

मी सगळं वाचलं. मध्ये भाचीनं पाणी आणून ठेवलं. संपल्यावर बाईंनी पाण्याचा पेला चाचपून घेतला. मग म्हणाल्या, "मला ठाऊक होतं तुम्ही वाचता ते. पानापानावर ग्रीसचा अंगठा असायचा. भगिनी मंडळात ग्रीसचे हात कुणाचे असणार?"

मी विचारलं, "मग त्या दिवशी कमिटीत का नाही बोललात?"

"मी वाट बघत होते. पुस्तकात अशा वेळी तो माणूस उठून उभा राहतो."

"आणि मी?"

"तुम्ही इतिवृत्त लिहीत बसलात."

मी माफी मागितली. त्यांनी माफ केलं, नाही केलं, काहीच म्हणाल्या नाहीत, आणि मीही पुन्हा विचारलं नाही. उठताना त्यांनी थांबवलं. "छापणार ना हे?"

"ते नाही म्हणाले तर झेरॉक्स काढून दारात उभा राहून वाटीन."

"मग एक दुरुस्ती करा. तुम्ही लिहिलंय, किल्ली देताना बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. नव्हतं. मला राग आला होता. लई राग. मला रडवू नका, तुमच्या सोयीसाठी."

तिथंच बसून मी ते वाक्य खोडलं आणि त्यांच्याकडचं सगळं बोलणं घरी येऊन पुढं जोडलं. परवा पाळकसाहेबांचा फोन आला. "काका, काही कमी केलंत का?"

"हो. एक वाक्य."

"एकच?"

"तेवढंच खोटं होतं."