कोपरा नसलेलं घर

समस्त वाचकांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, जगातले कोपरे नाहीसे होत आहेत. आमच्या नव्या घराचं मॉडेल पाहायला आम्ही दोघं आर्किटेक्ट बाईंच्या ऑफिसात गेलो, तर टेबलावर एक पांढराशुभ्र शंख! तेच म्हणे आमचं घर. भिंत कुठे संपते नि छत कुठे सुरू होतं, कळेना. खिडकी समजून मी जिचं कौतुक केलं, तो दरवाजा निघाला.

बायकोने शंखाला दोन प्रदक्षिणा घातल्या. "देव ईशान्य कोपऱ्यात बसवतात. कोपरा कुठाय?"

"काकू, निसर्गात कोपरे नसतातच," तरुण बाई हसून म्हणाल्या.

मी गोंधळलो. खरंच की! अंड्याला, ढगाला, कलिंगडाला कुठे असतो कोपरा? मग केरसुणी ठेवायला, रुसून बसायला, हात जोडायला माणसालाच तो का लागतो?

बायको पर्स घेऊन उठली. "देवांना जागा नाही, त्या घरात मीही नाही."

घर हातचं चाललं होतं. बाईंनी घाईघाईने शंख इकडे फिरवला, तिकडे फिरवला आणि शेवटी न राहवून बोलून गेल्या, "काकू, माझंही घर असंच आहे. वर्ष झालं, देव फ्रिजवर बसलेत!"