संकेश्वरापर्यंतची चाकं

बेळगावजवळच्या आमच्या वडगावात अवसेला हातमाग बंद. बाकीचा महिना गल्लीत नुसती खटखट, आणि त्या दिवशी शेजारच्या घरातलं भांडणसुद्धा स्पष्ट ऐकू यायचं. त्या वर्षी मी अवसेची वाट बघत असायचो, कारण बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती. माहेर निपाणीजवळच्या एका खेड्यात, तंबाखूच्या रानांत. तिची आई तिला जन्म देतानाच गेलेली, त्यामुळं तिच्या मनात भीती बसली होती. निघताना तिनं माझ्याकडनं कबूल करून घेतलं, की दर अवसेला येऊन तोंड दाखवायचं. मी छाती पुढं काढून हो म्हणालो. का म्हणणार नाही? त्या रस्त्याला तेव्हा सर्व्हिस मोटारी नव्हत्या, आणि सायकल असलेला विणकर आख्ख्या वडगावात मी एकटाच.

पहिल्याच अवसेला सायकलीनं दगा दिला. संकेश्वरात मागच्या चाकाची गंजकी रिम फाटली. बेळगावकडं निघालेली एक बैलगाडी मिळाली, तीत सायकल टाकली आणि घरी परत आलो. पुढं तिकडच्या एका गाडीवानाबरोबर सांगावा आला, की ती दिवेलागणीपर्यंत कट्ट्यावर बसून होती. सगळा राग निघाला त्या चाकांवर.

बेळगावच्या लष्करी कँपातल्या सायकलवाल्याकडं एका गोऱ्या साहेबाच्या सायकलची चाकं आली होती. हलकी, चकचकीत, पातळ टायरांची. बोटानं ढकललं की आपली फिरतच राहायची. जुनी चाकं आणि वर एक साडी विणून द्यायची, एवढ्यावर तो तयार होता. आमच्या वडिलांना, म्हणजे आप्पांना, हे अजिबात पटलं नाही. लग्नसराईचं काम मागावर चढलेलं, त्यात चाकांपायी साडी विणायची म्हणजे त्यांच्या मते शुद्ध येडेपणा. फाटली ती एकच रिम, तेवढी बदलावी आणि गप्प बसावं.

"जुन्या चाकांवर आपलं साड्यांचं गाठोडं बाजारात जातंय," ते म्हणाले. "नव्यावर तू एकटाच जाशील रं."

"मला एकट्यालाच जायचंय," मी म्हणालो.

तसा मी दोन-तीन दिवस विचार केला म्हणा, पण तो नावापुरता. पहाटे उठून सगळ्यांच्या आधी मागावर बसायचं आणि साडी काढायची, हे मी कधीच ठरवून टाकलं होतं. काढली पण. काठ असा उतरला की सायकलवाल्याची बायको खूष.

चाकं हातात आली ती अवसेच्या आदल्या दिवशी. तारा जरा ढिल्या होत्या. सायकलवाला म्हणाला, एक दिवस ठेव, मागच्या चाकाचं काम वेगळं असतं, नीट आवळून देतो. मला हसू आलं. अरे, विणकराला ताण शिकवतोस? ताण्यातला एक धागा ढिला राहिला तर आमच्यात जेवण गोड लागत नाही! मी चाकं घरी आणली आणि अंगणात मांडी घालून बसलो. एकेक तार बोटानं छेडायची, आवळायची, परत छेडायची. दोन्ही बाजूंच्या सगळ्या तारा एका आवाजात बोलायला लागल्या तेव्हाच उठलो. गल्लीतली निम्मी माणसं येऊन बघून गेली. आप्पांनीही दोन तारा छेडल्या आणि राग विसरून मान डोलावली.

आता मागच्या चाकाला एका अंगाला दातेरी फ्रीव्हील असतं. त्या अंगाच्या तारा जास्त ताठ आणि दुसऱ्या अंगाच्या कमी, तरच चाक मधोमध बसतं. ही अक्कल वडगावात कुणाला असणार? आम्ही सगळे ताण सारखा करणारे. चाक डावीकडं सरकलं होतं. नवं आहे, बसेल जागेवर, म्हणून मी तांबडं फुटायच्या आधीच निघालो.

काकती गाव मागं पडलं तेव्हा गाणं म्हणत होतो. काय ती चाकं! चढ असला तरी उतरावं वाटेना. मागनं खस्‌खस्‌ आवाज येत होता, तो नवेपणाचा असेल असं धरून चाललो. तो टायर होता, डाव्या दांडीला घासत झिजत चाललेला. संकेश्वरच्या बाजारात फाट्‌दिशी फुटला. टायर असा फाटला होता की ठिगळ लावायलाही जागा नाही.

समोरच बेळगावकडं जाणारी गाडी उभी होती. गाडीवान जागा करून देतो म्हणाला. मी सायकल उचललीसुद्धा. पण कट्ट्यावर बसलेली ती डोळ्यांपुढं आली. सायकल एका लोहाराच्या छपरात टाकली, धोतर खोचलं आणि चालायला लागलो. तवंदीचा घाट ओलांडून तिच्या गावात शिरलो तेव्हा घराघरात दिवे लागत होते.

ती कट्ट्यावरच होती. पाय सुजलेले, तोंड उतरलेलं. मला बघून आधी रडली, मग पाणी आणायला उठली. मी बसवलं तिला. मग आतनं तिच्या चुलतीनं गूळपाणी दिलं, आणि मी संकेश्वरात रिम फाटली तिथपासनं साहेबाच्या चाकांची कथा रंगवून सांगायला सुरुवात केली. तारांचं ऐकून ती पोट धरून हसली. किती दिवसांनी हसली होती कुणास ठाऊक. मला फार बरं वाटलं.

"म्हंजे संकेश्वरापासनं चालत आलासा?" तिनं विचारलं.

"व्हय तर. घाट धरून सगळं."

ती हसायची थांबली. पदरानं माझ्या पायावरची धूळ झटकत हळूच म्हणाली, "मागल्या अवसेलाबी सायकल संकेश्वरातच मोडलती न्हवं?"

बोलण्यात मी कुणाला हार जाणारा नव्हे. त्या दिवशी मात्र मी गूळपाण्याचा तांब्या तोंडाला लावला तो खाली घेतलाच नाही.